पालिकेचा शब्द, शहराचा धूर

१३ मार्च २०२२ रोजी मुंबईचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध झाला. देशाने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० हे साल धरले असताना मुंबईने २०५० धरले, म्हणजे वीस वर्षे आधीचे. त्याचे स्वागत झाले आणि ते रास्तच होते. पण त्या आराखड्याची तारीखही लक्षात ठेवण्याजोगी आहे. महापालिकेच्या सभागृहाची मुदत सहा दिवस आधी, ७ मार्चला संपली होती. अठ्ठावीस वर्षांचा वायदा जाहीर झाला त्या दिवशी तो निभावण्याचे ओझे उचलणारा एकही नगरसेवक पदावर नव्हता, आणि पुढे जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हातीच राहिला. यात कोणाचा डाव होता असे मुळीच नाही. आराखड्याचे काम आधीपासून चालू होते. तरीही हा योगायोग बोलका आहे. स्थानिक स्वराज्य संस्था हरितगृह वायू कमी करण्याचे जे शब्द देतात त्यांचा आढावा घेऊ लागले, की मूळ प्रश्न हाच पुढे येतो: शब्द कोण देतो, कोणाच्या वतीने देतो आणि ज्या गोष्टीबद्दल देतो ती त्याच्या हातात कितपत आहे?

शहरे यात कशी आली

हा विषय शहरांनी हाती घेतला तो देशांचा जागतिक करार होण्याआधी. जून १९८८ मध्ये टोरांटोत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन २००५ पर्यंत २० टक्क्यांनी खाली आणावे असे आवाहन केले. देशांनी ते ऐकून घेतले. टोरांटोच्या नगर परिषदेने मात्र १९९० मध्ये तेच उद्दिष्ट आपल्या शहरापुरते ठरावाने स्वीकारले. त्याच वर्षी स्थानिक संस्थांची ‘इक्ली’ ही जागतिक संघटना उभी राहिली. तिने १९९३ पासून शहरांसाठी जी मोहीम चालवली तिची पाच पायऱ्यांची रीत आजही चालते: उत्सर्जन मोजा, उद्दिष्ट ठरवा, आराखडा करा, राबवा, पुन्हा मोजा. १६ फेब्रुवारी २००५ रोजी क्योटो करार अमलात आला तेव्हा अमेरिका त्यात नव्हती. सिएटलचे महापौर ग्रेग निकल्स यांनी त्याच दिवशी, आपली शहरे तरी तो पाळतील, अशी हाक दिली आणि पुढे हजारावर महापौरांनी त्यावर सह्या केल्या. लंडनच्या पुढाकाराने त्याच वर्षी मोठ्या शहरांचा गट जमला, तो आजचा सी-४०. युरोपातील महापौरांचा करारनामा २००८ चा.

या इतिहासात दोन वेगळे प्रवाह आहेत आणि ते एकात मिसळले की गोंधळ होतो. अमेरिकेत शहरे बोलली ती केंद्र सरकार गप्प होते म्हणून. युरोपात ती वरच्या धोरणाला हात देण्यासाठी बोलली. भारतातील शहरे या दोहोंपैकी कशातच नीट बसत नाहीत: इथे केंद्राचे धोरण आहे, राज्याचे अभियान आहे, आणि त्यांच्यामध्ये महापालिका नावाची संस्था आहे, जिच्या नावावर कामे पुष्कळ पण सत्ता बेताची.

टोरांटोच्या त्या पहिल्या ठरावाचे पुढे काय झाले हे पाहणे उपयोगाचे आहे. शहराचे उत्सर्जन कालांतराने घटले. पण त्यातला मोठा वाटा ऑन्टॅरिओ प्रांताने कोळशावरची वीजकेंद्रे बंद केली त्याचा होता. शेवटचे केंद्र २०१४ मध्ये बंद झाले, आणि हा निर्णय नगर परिषदेचा नव्हता. कचराभूमीतून निघणारा मिथेन पकडणे हे मात्र नगर परिषदेचे स्वतःचे काम होते आणि त्यातही खरी घट झाली. म्हणजे एकाच आकड्यात दोन प्रकारचे यश मिसळलेले होते, एक दुसऱ्याच्या कृपेचे आणि एक कमावलेले. या दोहोंचा हिशेब वेगळा ठेवायचा का, यावर आजच्या चर्चेचे बरेच काही अवलंबून आहे.

महाराष्ट्रातली पायाभरणी

आपल्याकडे कायद्याची चौकट तीस वर्षांपूर्वीची आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी अठरा विषय आहेत. त्यांत नागरी वनीकरण आणि पर्यावरण संरक्षण आहे. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी अपारंपरिक ऊर्जा आहे, आणि ही गोष्ट शहरी अभ्यासकांच्या नजरेतून अनेकदा सुटते. राज्यातल्या महापालिकांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा, अशीही तरतूद आहे. हवामानाचा विषय लोकांच्या मनात बसला तो मात्र २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा. त्यामुळे महाराष्ट्रात ‘हवामान’ म्हटले की पालिकेच्या डोळ्यांपुढे नाला, पंप आणि भिंत येते. धुराडे किंवा विजेचे मीटर येत नाही.

२ ऑक्टोबर २०२० रोजी राज्य सरकारने ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांनुसार गुण देऊन स्थानिक संस्थांची चढाओढ लावण्याची ही कल्पना. पहिल्या वर्षी ६८६ संस्था होत्या, पुढे ग्रामपंचायतींमुळे आकडा हजारोंच्या घरात गेला. २०२१ मध्ये राज्यातल्या ‘अमृत’ योजनेतील ४३ शहरांनी ‘रेस टू झिरो’ या जागतिक मोहिमेत सामील होत असल्याचे सांगितले. या अभियानाचे श्रेय असे, की जिथे ‘कार्बन’ हा शब्दही पोचला नव्हता अशा नगरपंचायतींत त्यावर बैठका होऊ लागल्या. त्याची मर्यादाही गुणपद्धतीतच आहे. झाड लावले की गुण, भिंत रंगवली की गुण, शपथ घेतली की गुण. उत्सर्जन किती टन घटले याचे उत्तर अशा बेरजेतून निघत नाही.

ग्रामपंचायतींचे चित्र थोडे वेगळे आहे. केरळातील वायनाडच्या मीनंगाडी पंचायतीने २०१६ मध्येच कार्बन-तटस्थ होण्याचा प्रकल्प हाती घेतला. आपल्याकडे साताऱ्यातील पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. शंभरेक घरांच्या गावात वीज, कचरा, चूल आणि झाडे हे सारे ग्रामसभेच्या नजरेच्या टप्प्यात असते. म्हणूनच तिथे शब्द आणि काम यांच्यातले अंतर कमी दिसते. पण गावाचे मूळ उत्सर्जनच इतके थोडे असते, की त्याची शहराशी तुलना करण्यात अर्थ नाही.

मोजायचे काय आणि कोणाचे

वादाचा सर्वांत अवघड भाग मोजणीचा आहे. मुंबईच्या आराखड्यानुसार २०१९ मध्ये शहराचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते, माणशी १.८ टन. त्यातला सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा इमारती व उद्योगांतल्या ऊर्जेचा, सुमारे एक-पंचमांश वाहतुकीचा, उरलेला कचऱ्याचा. शहराची सुमारे ९५ टक्के वीज कोळशाची आहे, असेही तोच आराखडा सांगतो. आता हे आकडे ‘हे कोणाच्या हातात आहे’ या प्रश्नासह पुन्हा वाचावेत. कोळसा जाळायचा की नाही हे वीज कंपन्या, वीज नियामक आयोग, राज्य आणि केंद्र ठरवतात. मेट्रो एमएमआरडीए हे राज्याचे महानगर प्राधिकरण आणि मेट्रो महामंडळे यांची, लोकल रेल्वेची, विमानतळ खासगी कंपनीकडे. पालिकेच्या थेट मुठीत येतो तो कचरा, म्हणजे सर्वांत लहान वाटा. त्याखेरीज स्वतःच्या इमारती, पाण्याचे पंप, बांधकाम परवानग्या आणि बेस्ट.

बेस्टचा उल्लेख सहज करून पुढे जाता येत नाही. ती महापालिकेचाच उपक्रम आहे. साऱ्या मुंबईत बस चालवते आणि शहर भागात दहा लाखांहून अधिक ग्राहकांना वीजही पुरवते. देशातल्या फारच थोड्या महापालिकांकडे अशी दुहेरी किल्ली आहे. बेस्टने वीज कोणाकडून आणि कशापासून केलेली घ्यायची, बसगाड्या किती ठेवायच्या, हे निर्णय महापालिकेच्या आवाक्यातले आहेत. मे २०२५ मध्ये बसचे किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले तेव्हा चर्चा तोट्याची झाली, आणि तोटा खराच आहे. पण २०५० च्या वायद्याच्या दृष्टीने तो निर्णय हवामानाचाही होता, कारण बसमधून उतरलेला प्रवासी बहुधा दुचाकीवर बसतो. असाच प्रश्न किनारी रस्त्याचा आहे. मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला हा रस्ता महापालिकेने स्वतःच्या तिजोरीतून बांधला. कोंडी फुटल्याने इंधन वाचते असे त्याचे समर्थक म्हणतात. रस्ता वाढला की मोटारी वाढतात असे टीकाकार म्हणतात. दोन्ही म्हणणी तपासता येतील अशी आहेत, पण त्यासाठी तो रस्ता उत्सर्जनाच्या वहीत कुठल्या तरी पानावर असायला हवा.

मोजणीच्या पद्धतीतही मतभेद आहेत. शहराच्या हद्दीत जळलेले इंधन आणि हद्दीत वापरलेली वीज धरणे ही रूढ रीत. पण शहर सिमेंट, पोलाद, धान्य, कपडे बाहेरून आणते. त्यांचा धूर चंद्रपूरला किंवा आणखी कुठे निघतो. सी-४० ने २०१८ मध्ये ७९ शहरांचा उपभोगाच्या अंगाने हिशेब केला तेव्हा बेरीज रूढ पद्धतीपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त निघाली. दुसरीकडे, अमेरिकेतल्या ४८ शहरांच्या स्वतःच्या नोंदी स्वतंत्र मोजमापाशी ताडून पाहणाऱ्या २०२१ च्या अभ्यासात शहरे सरासरी १८ टक्के कमी आकडा सांगतात असे आढळले. श्रीमंत देशांतल्या, प्रशिक्षित कर्मचारी असलेल्या नगर परिषदांची ही गत असेल, तर आपल्याकडच्या पहिल्या-वहिल्या नोंदी अंदाजाने घेतलेल्या बऱ्या.

हे पालिकेचे काम आहे का?

या प्रश्नावर तीन भूमिका ठळक दिसतात. पहिली म्हणते, नाही. माणशी पावणेदोन टन उत्सर्जन असलेल्या शहराने उत्सर्जन कमी करण्याच्या मागे लागू नये. त्याने आधी पूर, उष्मा आणि पाणीटंचाई यांतून लोकांना वाचवावे. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यातील मृत्यूंनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, तो या भूमिकेचा आदर्श नमुना: पालिकेच्या हातातले काम, थेट जीव वाचवणारे. यात हवामान न्यायाचा मुद्दाही आहे आणि तो खोडण्यासारखा नाही. दुसरी भूमिका म्हणते, जगातल्या उत्सर्जनाचा सुमारे ७० टक्के वाटा शहरी भागांशी जोडलेला आहे असे संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलविषयक समिती, आयपीसीसीच सांगते. आणि भारतातली उद्याची घरे, रस्ते, वातानुकूलन अजून बांधायचे आहे. जे आज बांधले जाईल ते पन्नास वर्षे तसेच धूर ओकत राहील; म्हणून शहरांनी आत्ताच शब्द द्यावा. तिसरी भूमिका व्यवहारी आहे. उत्सर्जनाचे नाव न घेता बस, सावली, ओल्या कचऱ्याचे खत, गळती बंद करणे अशी कामे करा. हवा सुधारेल, बिल उतरेल, उत्सर्जनही घटेल.

मला तिसरी भूमिका आकर्षक वाटते, पण ती जितकी निर्विवाद मांडली जाते तितकी नाही. बचाव आणि घट ही दोन कामे प्रत्येक वेळी हातात हात घालून चालत नाहीत. पाणीटंचाईवर उपाय म्हणून मुंबईने मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प योजला आहे. तो वीज खाणारा आहे. मलजल शुद्धीकरण केंद्रे हवीतच, पण तीही विजेवर चालतात; पूर उपसणारे पंपही. म्हणजे शहर जितके सुरक्षित होईल तितके, वीज कोळशाची असेपर्यंत, त्याचे उत्सर्जन काही अंशी वाढेल. हा दोष नव्हे, तो हिशेब आहे. तो मांडला नाही तर २०३० साली उद्दिष्ट हुकल्याचा ठपका ज्या कामाने लोक वाचले त्याच कामावर येईल.

पहिल्या भूमिकेतल्या सरासरीलाही तपासावे लागते. १.८ टन ही धारावीतली खोली आणि मलबार हिलवरचा बंगला यांची मिळून सरासरी आहे. शहराने उत्सर्जन कमी करावे म्हणजे चाळीतल्या पंख्याने कमी फिरावे असा अर्थ होत नाही. मोठ्या इमारतींना मर्यादा घालता येते. टोकियोने २०१० पासून मोठ्या कार्यालयांना व कारखान्यांना उत्सर्जनाची सक्तीची कमाल मर्यादा लावली. न्यूयॉर्कने २०१९ च्या कायद्याने २५ हजार चौरस फुटांवरील इमारतींना २०२४ पासून मर्यादा आणि त्यावर दंड ठेवला. आपल्याकडच्या महापालिकांना असा कायदा स्वतः करता येत नाही. पण बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र त्यांच्याच सहीने निघते, ही ताकद थोडी नव्हे.

शब्द पाळला जातो का

जगाचा अनुभव संमिश्र आहे. अमेरिकेतल्या शंभर मोठ्या शहरांचा ब्रुकिंग्ज संस्थेने २०२० मध्ये अभ्यास केला. उद्दिष्ट आणि मोजणी दोन्ही असलेली शहरे ४५ निघाली. त्यांतली सुमारे दोन-तृतीयांश आपल्याच वेळापत्रकाच्या मागे होती. कोपनहेगनचे उदाहरण अधिक बोधक आहे. २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होणारी पहिली राजधानी होण्याचा निर्धार त्या शहराने २०१२ च्या आराखड्यात केला आणि उत्सर्जन बरेच खालीही आणले. पण शेवटचा टप्पा आमागर इथल्या कचरा जाळणाऱ्या वीजकेंद्रातला कार्बन पकडण्यावर टांगलेला होता. त्यासाठीचे सरकारी अनुदान मिळण्याची शक्यता मावळली आणि २०२२ मध्ये नगर परिषदेने ते साल सोडून दिले. याला अपयश म्हणणारे आहेत, आणि एवढी घट झालीच असती का असे विचारणारेही. मला वाटते त्यातला धडा तिसराच आहे: शहराने कबुली दिली, कारण दरवर्षीचा हिशेब उघड होता आणि तो लपवता येण्यासारखा नव्हता.

मुंबईच्या उद्दिष्टांची मांडणी या अंगाने पाहण्यासारखी आहे. २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के, २०४० पर्यंत ४४ टक्के आणि २०५० ला निव्वळ शून्य. म्हणजे २०३० ते २०४० या दहा वर्षांत केवळ १४ टक्के आणि शेवटच्या दहा वर्षांत उरलेले ५६. तंत्रज्ञान स्वस्त होईल, वीजजाळे स्वच्छ होईल, ही अपेक्षा त्यामागे असेल आणि ती अवास्तव म्हणता येणार नाही. पण सर्वांत जड गाठोडे सर्वांत शेवटच्या खांद्यावर ठेवलेले आहे. तो खांदा आज बहुधा शाळेत जातो.

पैसा कुठून

जकात गेली आणि महापालिकांचा स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार गेला. मुंबईत ती १ जुलै २०१७ पर्यंत होती. आता वस्तू-सेवा कराची भरपाई राज्याकडून येते. अशा स्थितीत हवामानासाठी वेगळा पैसा मागणे अवघड. म्हणून ‘हवामान अर्थसंकल्प’ ही कल्पना पुढे आली. ऑस्लोने २०१७ पासून ती राबवली: नेहमीच्या अर्थसंकल्पातच कोणते खाते किती टन कमी करणार हे लिहायचे. मुंबई महापालिकेने जून २०२४ मध्ये आपला पहिला असा अहवाल काढला आणि भांडवली खर्चाचा सुमारे एक-तृतीयांश भाग हवामानाशी संबंधित असल्याचे दाखवले. हे पाऊल महत्त्वाचे आहे. आपल्याकडे खातेप्रमुखाला अर्थसंकल्पातला आकडा जितका कळतो तितके दुसरे काही कळत नाही. पण त्यातला मोठा वाटा पूरनियंत्रण आणि पाण्याच्या कामांचा होता, जी कामे एरवीही झालीच असती. ऑस्लोच्या वहीत टन आहेत. मुंबईच्या पहिल्या वहीत भर रुपयांवर आहे. रुपयांवर हिरवा शिक्का मारणे सोपे, टनांवर मारता येत नाही.

कर्जरोख्यांचा मार्गही खुला झाला आहे. इंदूर महापालिकेने २०२३ मध्ये जनतेकडून २४४ कोटी रुपये उभे केले, ते जलूद इथल्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी. नर्मदेचे पाणी शहरापर्यंत चढवण्याचे प्रचंड वीजबिल कमी व्हावे म्हणून. पिंपरी-चिंचवडने २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे काढले. पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळ खत किंवा पर्जन्यजल संधारण करणाऱ्या मिळकतींना करात पाच ते दहा टक्के सवलत देते. यांत इंदूरचे उदाहरण मला सर्वांत भक्कम वाटते, कारण तिथे उद्दिष्ट स्वतःच्या बिलावर आहे. बिल दर महिन्याला येते, त्यात फेरफार करता येत नाही आणि ते कमी झाले की कर्जही फिटते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पालिकांनी हातातल्याच कामांपुरता शब्द द्यावा असे म्हटले, तर शब्दच लहान होतो. आणि मोठ्या शब्दाशिवाय राज्यावर, वीज कंपन्यांवर दबाव कसा येणार? २०५० हे साल मुंबईने धरले म्हणून तर देशात हवामान आराखड्यांची चर्चा शहराच्या पातळीवर झाली. चेन्नई, बेंगळुरू यांनीही आपापले आराखडे केले. हे खरे आहे. मोठा शब्द टाकून द्यावा असे कोणी म्हणत नाही. पण त्याच्या शेजारी लहान शब्द लिहिलेला हवा: अमुक टन आमच्या पंपांवर, अमुक आमच्या कचऱ्यावर, अमुक बेस्टवर, बाकीचे राज्याकडून आणि केंद्राकडून, आणि त्यासाठी आमची मागणी ही. मग दबाव टाकायलाही काही हातात राहते. केवळ मोठा शब्द असला की कोणीच चुकत नाही आणि कोणीच उत्तर देत नाही.

बरेच प्रश्न तसेच आहेत. पालिकेच्या हद्दीबाहेर, वसई-विरारपासून पनवेलपर्यंत पसरणाऱ्या महानगराचा हिशेब कोणी ठेवायचा हे ठरलेले नाही. आयुक्त बदलला की आराखड्याचे काय होते, याला कायद्याचे उत्तर नाही. ‘निव्वळ’ या शब्दात शेवटी किती टन झाडांच्या नावावर टाकले जाणार, हेही २०५० च्या जवळ गेल्यावर कळेल.

एक प्रश्न मात्र आता सुटण्याजोगा आहे. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले आणि सभागृहे पुन्हा भरली. पर्यावरण सद्यस्थिती अहवाल ३१ जुलैपूर्वी त्यांच्यापुढे ठेवण्याची तरतूद आधीपासूनच आहे. त्यासाठी नवा कायदा, नवे अनुदान, नवी शपथ काहीच लागत नाही. त्या अहवालात पालिकेच्या स्वतःच्या विजेचे, इंधनाचे आणि कचऱ्याचे टन गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी छापले जावेत आणि सभागृहाने त्यावर मतदान करावे. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला वाचकाने येत्या जुलैत एवढेच विचारावे: ते पान कुठे आहे?